जुन्या हिशेबी भाषा आणि वेबची नवी दारे

(अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या वर्गासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचे तत्कालीन गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकारांसमोर एक अनपेक्षित आवाहन केले. करोनाच्या साथीमुळे लाखो लोकांचा रोजगार बुडाला होता आणि बेकारी भत्त्यासाठी अर्जांची रीघ लागली होती. राज्याची ही यंत्रणा चाळीस वर्षांहून जुन्या संगणकव्यवस्थेवर चालत होती. तेव्हा डॉक्टर आणि परिचारिका यांच्याबरोबरच कोबॉल ही संगणकभाषा जाणणारे स्वयंसेवकही राज्याला हवे आहेत, असे त्यांनी सांगितले.

या आवाहनानंतर साहजिकच सारा दोष कोबॉलच्या माथी आला. तथापि, भत्त्याचा हिशेब करणारा जुना भाग आपले काम करीत होता. अर्ज स्वीकारणारा, वेबवरचा तुलनेने नवा भाग मात्र गर्दीपुढे टिकला नाही, असे पुढे काही अभ्यासकांनी निदर्शनास आणले. कोठी भरलेली होती, परंतु दार अडले होते. दार अडले की रांगेतल्या माणसाला कोठीतील धान्याचा काही उपयोग नसतो.

जुन्या हिशेबी भाषांना वेबचे दार कसे बसवावे, त्यासाठी कोणकोणते मार्ग उपलब्ध आहेत आणि त्यांतील कोणता केव्हा निवडावा, हा आजचा विषय आहे. वरवर पाहता तो तंत्रज्ञांचा वाटतो. परंतु निविदेवर सही करणारा अधिकारी, ठरावाला हात वर करणारा पंचायत सदस्य आणि उद्याचे तंत्रज्ञ घडविणारा शिक्षक या तिघांचाही त्याच्याशी संबंध येतो.

हिशेबासाठी जन्मलेल्या भाषा

कोबॉलची आखणी १९५९ मध्ये सुरू झाली. प्रत्येक कंपनीच्या संगणकाची भाषा वेगळी असल्यामुळे एका यंत्रावरचे काम दुसऱ्यावर चालत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने शासन आणि उत्पादक एकत्र आले. ग्रेस हॉपर यांनी आधी तयार केलेली फ्लो-मॅटिक ही भाषा या कामाचा मोठा आधार ठरली. डिसेंबर १९६० मध्ये कोबॉलमधील एकच आज्ञावली आरसीए आणि रेमिंग्टन रँड या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखविण्यात आली. पगार, विमा, कर, बँकेची खाती असे जेथे पैशाचा हिशेब बिनचूक हवा, तेथे ही भाषा रुजली.

दुसरी भाषा आरपीजी. तीही १९५९ च्याच सुमारास आली, ती तक्ते आणि अहवाल छापण्यासाठी. पुढे १९८८ मध्ये आलेल्या आयबीएमच्या एएस/४०० या मध्यम आकाराच्या संगणकावर कारखाने, गोदामे आणि व्यापारी पेढ्या यांचे व्यवहार तिने सांभाळले.

तिसरी आपल्याकडील जुन्या कर्मचाऱ्यांच्या अधिक ओळखीची, फॉक्सप्रो. १९९० च्या दशकात छोट्या संगणकांवर पगारपत्रके, साठावह्या आणि सभासदांची खाती यांसाठी आपल्या देशात तिचा भरपूर वापर झाला. २००४ च्या नवव्या आवृत्तीनंतर मायक्रोसॉफ्टने तिची नवी आवृत्ती काढली नाही, आणि जानेवारी २०१५ मध्ये तिला दिला जाणारा आधारही थांबविला. भाषेचा आधार संपला, पण तिच्यात लिहिलेले हिशेब संपले नाहीत.

या तिन्ही भाषा वेबच्या आधीच्या आहेत. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडली आणि १९९३ पासून सर्व्हरमागील आज्ञावलीकडून मागणीनुसार पान तयार करून घेण्याची सीजीआय ही पद्धत रूढ होऊ लागली. पान मागणाऱ्याची विनंती स्वीकारणे, ती योग्य आज्ञावलीपर्यंत पोचविणे, उत्तर साच्यात बसवून परत पाठविणे आणि मागणारा कोण आहे याची खात्री करणे ही कामे दर वेळी नव्याने लिहावी लागू नयेत म्हणून जो तयार सांगाडा वापरतात, त्याला फ्रेमवर्क म्हणतात.

विसरणारा आणि वाट पाहणारा

वेबचा एक स्वभाव ध्यानात घेतला तर पुढची तुलना सोपी होते. वेबचा सर्व्हर मूलतः विसराळू आहे. पान पाठविले की त्याच्या दृष्टीने व्यवहार संपला. तोच माणूस पुन्हा आला की त्याने आपली ओळख पुन्हा सांगावयाची असते.

मोठ्या संगणकांवर कोबॉलच्या आज्ञावल्या सीआयसीएस या व्यवस्थेखाली चालतात. ही व्यवस्था १९६९ मध्ये आली. त्या काळी स्मरणशक्ती महाग होती आणि शेकडो टर्मिनले एकाच संगणकाला जोडलेली असत. कारकून टर्मिनलसमोर विचार करीत बसला असताना आज्ञावलीने जागा अडवून ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून पडद्यावर मजकूर पाठवून आज्ञावली संपत असे आणि कारकुनाने कळ दाबली की ती नव्याने सुरू होत असे. मधल्या काळात लक्षात ठेवण्याचा मजकूर एका ठरावीक जागेत ठेवला जाई. त्याची मर्यादा सुमारे ३२ किलोबाइट होती. वेब जन्मण्याच्या वीस वर्षे आधी ही व्यवस्था वेबसारखीच वागत होती. म्हणूनच, ज्यांनी पडदा रंगविण्याचे काम आणि हिशेबाचे काम वेगवेगळ्या आज्ञावल्यांत लिहिले होते, त्यांना कोबॉलचा हिशेबी भाग वेबला जोडणे तुलनेने सोपे गेले.

आरपीजीची रीत निराळी. तिची आज्ञावली पडदा दाखविते आणि उत्तर येईपर्यंत तेथेच थांबते. बदल करण्यासाठी उघडलेली नोंद ती दरम्यान कुलूपबंद ठेवते, म्हणजे दुसरा कोणी त्याच वेळी ती बदलू नये. कार्यालयातील कर्मचारी फार वेळ टर्मिनल सोडून जात नाही, तोवर हे ठीक चालते. वेबवरील नागरिक मात्र अर्ज अर्धा भरून चहाला जातो, त्याच्या गावची वीज जाते, किंवा तो नुसतेच पान बंद करतो. सर्व्हरला याचा पत्ता नसतो. आज्ञावली वाट पाहत राहते आणि नोंद कुलपात अडकून पडते. आरपीजीसाठी निघालेल्या बहुतेक फ्रेमवर्कांची खरी कसोटी याच एका अडचणीवर लागते.

मार्ग पहिला : पडद्याचे रूपांतर

सर्वांत झटपट मार्ग म्हणजे जुना पडदा आहे तसा ठेवून त्याचे वेबच्या पानात रूपांतर करणे. आयबीएमने हॅट्स नावाचे असे साधन आणले. जुन्या टर्मिनलच्या पडद्यावर २४ ओळी आणि दर ओळीत ८० अक्षरे, म्हणजे एकूण १,९२० अक्षरे मावत. हे साधन तो मजकूर वाचते, त्यातील रकाने ओळखते आणि ब्राउझरमध्ये चौकटी व बटणे यांच्या रूपाने दाखविते.

लाभ असा की, मूळ आज्ञावलीच्या एकाही ओळीला हात लागत नाही. ती लिहिणारा माणूस निवृत्त झाला असेल आणि मूळ मजकूरही सापडत नसेल, तर हाच मार्ग उरतो. उणीव अशी की, काम जुन्याच वाटेने चालते. जेथे पाच पडदे ओलांडावे लागत, तेथे पाच पाने ओलांडावी लागतात. मूळ पडद्यावर एक रकाना जरी सरकला, तरी रूपांतर चुकू शकते. खात्यातल्या खात्यात तात्पुरती सोय म्हणून हा मार्ग उपयोगी आहे; नागरिकांसाठी तो अपुरा पडतो.

मार्ग दुसरा : त्याच भाषेत वेबचे पान

दुसऱ्या मार्गात जुनी भाषा स्वतःच वेबचे पान तयार करते. आरपीजीसाठी सीजीआयडेव्ह२ हा आज्ञासंच विनामूल्य उपलब्ध झाला. त्यात पानाचा साचा वेगळ्या फाइलीत असतो. साच्याचे खंड पाडलेले असतात आणि जेथे नाव, रक्कम किंवा तारीख भरावयाची तेथे खुणा केलेल्या असतात. आज्ञावली हवा तो खंड उचलते, खुणांच्या जागी खरी माहिती भरते आणि पान सर्व्हरच्या स्वाधीन करते. पानाचे रूप बदलावयाचे असेल तर हिशेबाला हात लावावा लागत नाही. मात्र वाट पाहण्याची जुनी रीत सोडून आज्ञावली नव्याने बांधावी लागते. २०१० मध्ये आयबीएमने आरपीजीत आणखी एक सोय केली. आज्ञावली पूर्वीप्रमाणेच पडदा दाखविण्याची आज्ञा देते. परंतु ती आज्ञा मधल्या मध्ये दुसरी आज्ञावली झेलते आणि टर्मिनलऐवजी वेबचे पान तयार करते. यामुळे जुने लेखन बरेचसे वाचते, तथापि आज्ञावली वाट पाहतच राहते. ती किती वेळ थांबेल आणि कुलूप केव्हा सुटेल, हे निराळे ठरवून द्यावे लागते.

फॉक्सप्रोसाठी वेब कनेक्शन हे फ्रेमवर्क अनेक वर्षे वापरले गेले. फॉक्सप्रो एका वेळी एकच काम करते. म्हणून या फ्रेमवर्कमध्ये फॉक्सप्रोच्या अनेक प्रती शेजारीशेजारी चालवितात आणि येणाऱ्या विनंत्या त्यांच्यात वाटून देतात. मध्यम गर्दीला हे पुरते. परंतु फॉक्सप्रोची एक फाइल २ गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही, ही मर्यादा कोणतेही फ्रेमवर्क ओलांडू शकत नाही.

कोबॉलचे मुक्त रूप असलेल्या ग्नूकोबॉलवरही अशी छोटी फ्रेमवर्के झाली. त्यांतील एकाला तर त्याच्या कर्त्याने थट्टेने कोबॉल ऑन व्हीलचेअर असे नाव दिले. मोठ्या कार्यालयाचा भार वाहण्यासाठी ते नाही, पण शिकविण्यासाठी ते उत्तम आहे. कोणता पत्ता मागितला की कोणती आज्ञावली चालवावी आणि साच्यात माहिती कशी भरावी, या दोन गोष्टी त्यात मोकळेपणी दिसतात. फ्रेमवर्क म्हणजे काही जादू नव्हे, हे विद्यार्थ्यांना त्यावरून पटविता येते.

मार्ग तिसरा : नियम जुना, दर्शनी भाग नवा

तिसऱ्या मार्गात जुनी आज्ञावली पान तयारच करीत नाही. विशिष्ट प्रश्नाचे विशिष्ट उत्तर देणारी सेवा एवढेच काम तिच्याकडे राहते. दर्शनी भाग नव्या भाषेत लिहिला जातो आणि दोहोंच्या दरम्यान माहिती ठरावीक मसुद्यात जाते-येते. मोठ्या संगणकांवर सीआयसीएसच्या २००५ च्या आवृत्तीपासून कोबॉलच्या आज्ञावल्या अशा वेबसेवा म्हणून खुल्या करता येऊ लागल्या. त्याच वेळी ३२ किलोबाइटची जुनी मर्यादा ओलांडण्याचीही सोय झाली. वेबवर सर्वत्र रूढ असलेला जेसन हा मसुदा तयार करण्याची आज्ञा आयबीएमच्या कोबॉलमध्ये २०१६ साली आली आणि तो वाचण्याची २०१७ साली.

या विचाराची ओळख आपल्याला रेल्वेच्या आरक्षणातून झालेली आहे. संगणकीय आरक्षण १९८५ मध्ये दिल्लीत सुरू झाले आणि पुढे कॉन्सर्ट या नावाने देशभर जोडले गेले. ते सी आणि फोर्ट्रान या भाषांत लिहिलेले होते. या हिशेबी भाषा नव्हेत, पण प्रश्न तोच होता. २००२ मध्ये आयआरसीटीसीने घरबसल्या तिकीट काढण्याची सोय केली, तेव्हा खिडकीवरचे आरक्षण मोडून दुसरे उभारले नाही. खिडकीवरचा कारकून आणि घरचा प्रवासी एकाच मूळ यंत्रणेकडून जागा घेऊ लागले. बर्थ रिकामा आहे की नाही याचे उत्तर दोन ठिकाणी ठेवले असते, तर एकाच बर्थवर दोन प्रवासी हक्क सांगत बसले असते.

या मार्गाचा खर्च दुहेरी आहे. दोन भाषांचे जाणकार लागतात, आणि मधला दुवा तुटला तर चूक कोणत्या बाजूची यावर वाद होतो. शिवाय गर्दीचा भार प्रथम नव्या भागावर येतो, हा न्यू जर्सीचा धडा विसरून चालत नाही.

मार्ग चौथा : सर्व नव्याने

चौथा मार्ग म्हणजे जुने सारे काढून टाकणे. ज्या भाषेचा आधारच संपला आहे, तिच्या बाबतीत आज ना उद्या तो पत्करावा लागतो. परंतु एका रात्रीत बदल करण्याचा मोह टाळावा. ब्रिटनमधील टीएसबी या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेवर एकदम हलविली. असंख्य ग्राहकांना स्वतःच्याच खात्यापर्यंत पोचता येईना. या प्रकरणी डिसेंबर २०२२ मध्ये तेथील नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. एकेक शाखा, एकेक कामाचा प्रकार असा टप्प्याटप्प्याने बदल करणे आणि काही काळ जुने व नवे हिशेब शेजारी ठेवून ताडून पाहणे, हाच शहाणपणाचा क्रम होय.

नियम कोठे राहतो

या चारही मार्गांची तुलना करताना वेग, दिखाऊपणा किंवा किंमत यांच्या आधी एक प्रश्न विचारावयास हवा. हिशेबाचा नियम कोठे राहतो?

समजा, एका ग्रामपंचायतीची घरपट्टी जुन्या आज्ञावलीत आकारली जाते. वेबचे नवे पान तयार करताना करणाऱ्याने सोयीसाठी तोच हिशेब पानातही लिहिला. आता नियम दोन ठिकाणी झाला. पुढे दर बदलला; एकीकडे दुरुस्ती झाली, दुसरीकडे राहिली. घरमालकाला ब्राउझरमध्ये एक रक्कम दिसते आणि मागणीच्या नोंदवहीत दुसरी निघते. तो कार्यालयात आला तर त्याला काय सांगावयाचे?

दर न बदलताही फरक पडू शकतो. कोबॉल रकमा दशमान पद्धतीने मोजते. आपण वहीत मोजतो तसे. ब्राउझरची नेहमीची भाषा जावास्क्रिप्ट मात्र संख्या द्विमान अपूर्णांकांत साठविते आणि १.००५ ही संख्या त्या रूपात तंतोतंत मावत नाही. तिला शंभराने गुणून जवळच्या पूर्णांकात आणले आणि पुन्हा शंभराने भागले, की १.०१ च्या ऐवजी १ एवढेच उत्तर येते. कोबॉलमध्ये त्याच रकमेला पूर्ण पैशात आणण्याची नेहमीची आज्ञा १.०१ हेच उत्तर देते. एका पैशाचा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु हजारो खात्यांची बेरीज जुळेनाशी झाली की लेखापरीक्षकाचा आक्षेप येतो आणि खुलासा कारकुनाला करावा लागतो. यास्तव पानाने माहिती घ्यावी आणि दाखवावी. हिशेब मात्र एकाच ठिकाणी व्हावा.

मराठी अक्षरांची जागा

आपल्यासाठी आणखी एक प्रश्न निकडीचा आहे. जुन्या भाषांत प्रत्येक रकान्याची लांबी आधीच ठरलेली असते. गावासाठी तीस बाइट ठेवले की तीसच. रोमन लिपीत एका अक्षराला एक बाइट पुरतो. १९९१ च्या इस्की या भारतीय प्रमाणकातही देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला एकच बाइट लागे. त्या काळी पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्राने कार्यालयांत मराठी आणली, ती याच सोयीवर. आज वेबवर सर्वत्र युनिकोड आहे, आणि त्याच्या रूढ यूटीएफ-८ रूपात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांनाही, तीन-तीन बाइट लागतात.

‘औरंगाबाद’ या नावात आठ चिन्हे आहेत. त्यांचे २४ बाइट होतात आणि तीसच्या रकान्यात ते बसते. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव ‘छत्रपती संभाजीनगर’ झाले. त्यात सोळा चिन्हे आणि एक मोकळी जागा, म्हणजे ४९ बाइट. रोमन लिपीत हेच नाव २५ बाइटांत आणि इस्कीत १७ बाइटांत मावते. यूटीएफ-८ मध्ये मात्र तीसव्या बाइटवर तुटते. ‘छत्रपती सं’ एवढे उरते आणि पुढच्या ‘भ’ चे दोन तुकडे मागे राहून पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. जिल्ह्याच्या नावाचे जे होते, तेच दाखल्यावरील लांब आडनावाचे होते. आणि नाव तुटलेला दाखला घेऊन फिरणाऱ्या माणसाला त्याचे कारण कोणीच सांगू शकत नाही.

कोबॉलच्या २००२ च्या प्रमाणकात निरनिराळ्या लिप्यांसाठी वेगळ्या प्रकारचा रकाना आला आणि आरपीजीतही तशी सोय आहे. फॉक्सप्रोत युनिकोडची स्वाभाविक सोय नाही. तेथे दर वेळी रूपांतर करावे लागते. म्हणजे याही बाबतीत मूळ भाषा कोणती हे पाहूनच फ्रेमवर्क निवडावे लागते. इंग्रजी माहितीवर चाललेले प्रात्यक्षिक पाहून समाधान मानू नये. आपल्या गावांची आणि माणसांची नावे त्यात टाकून पाहावीत.

निवड करताना

सारांश असा. मूळ मजकूर हाती नसेल आणि काम खात्यापुरते असेल, तर पडद्याचे रूपांतर चालेल. भाषा जाणणारी माणसे आपल्याकडे असतील आणि गर्दी बेताची असेल, तर त्याच भाषेतील फ्रेमवर्क कमी खर्चात काम भागविते. नागरिक मोठ्या संख्येने येणार असतील आणि जुना हिशेब विश्वासार्ह असेल, तर नियम जुना ठेवून दर्शनी भाग नवा करावा. भाषेचा आधारच संपला असेल, तर नवे लेखन टाळता येणार नाही. ते टप्प्यांनी करावे.

कोणताही मार्ग निवडला तरी प्रस्तावावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. नियम एकाच ठिकाणी राहतो काय? अर्जदार मधेच उठून गेला तर नोंद मोकळी होते काय? आपल्या जिल्ह्याचे नाव पूर्ण उमटते काय? आणि ठेकेदार निघून गेल्यावर ही आज्ञावली वाचणारा माणूस आपल्याकडे असेल काय?

यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांच्या हाती आहे. सन २००० च्या तारखेच्या अडचणीच्या वेळी मुंबई-पुण्याकडील अनेक तरुणांनी कोबॉल शिकून देशोदेशींच्या आज्ञावल्या दुरुस्त केल्या. आज ही भाषा जुनाट म्हणून अभ्यासक्रमात मागे पडली आहे. तथापि तिच्यात लिहिलेले विमे, खाती आणि भत्ते अजून चालू आहेत. विद्यार्थ्याने तीच भाषा पोटासाठी घ्यावी असे नाही. परंतु दुसऱ्याने लिहून ठेवलेला हिशेब शांतपणे वाचावा, समजून घ्यावा आणि मगच त्याला हात लावावा, ही सवय त्याला शाळा-महाविद्यालयातच लागली पाहिजे. न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी ज्या माणसांसाठी आवाहन केले, ती हीच सवय असलेली माणसे होती. अशी माणसे संकटाच्या दिवशी शोधून सापडत नाहीत; ती आधीच तयार करावी लागतात.